खेळातून भूगोल



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझे नाव पाहून पुष्कळांना वाटले असेल की हा गृहस्थ बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी कशावर तरी बोलणार. विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला रस्त्यात थांबवून विचारलेही, की मुलांच्या खेळांशी युनियनचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो मी सांगणार आहे. त्याआधी एवढे स्पष्ट करतो की मी शिक्षक नाही. माझी शाळा दहावीपाशी थांबली. पुढचे जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर शिकलो. शिक्षणशास्त्राची परिभाषा माझ्यापाशी नाही. वाळूजच्या बाजूला कामगारांच्या एका वस्तीत आम्ही काही वर्षे संध्याकाळचा वर्ग चालवीत आहोत. तिथे जे पाहिले आणि त्या निमित्ताने जे वाचले, तेवढ्या भांडवलावर मी आज उभा आहे.

संबंध असा. कामगाराचे मूल ज्या विषयात सर्वांच्या पुढे असायला हवे तो विषय भूगोल होय. त्याच्या घरात भूगोल रोज घडत असतो. बाप जालन्याकडचा, आई वाशीमची, शेजारचे बिऱ्हाड बिहारातले, बापाने दिवसभर घडवलेला भाग रात्रीच्या ट्रकने पुण्याला जायचा, आणि गावाकडे पाऊस पडला नाही म्हणून चुलता उद्या बिछाना घेऊन दारात उभा राहायचा. हा सगळा भूगोलच नाही काय? आणि तरीही त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात नेमके ह्याच विषयात काठावरचे गुण असतात. मुलाला पुष्कळ माहीत असते, पण ते शाळेच्या भाषेत माहीत नसते. आणि शाळेला जे माहीत असते ते मुलाच्या पायाखाली कधी येत नाही. ह्या दोहोंच्या मध्ये जोडणी करायला काहीतरी हवे. आमच्या वर्गात ती जोडणी खेळांनी केली, म्हणून मी खेळांवर बोलतो.

पण ‘खेळ’ ह्या शब्दाने फसू नका. खेळ म्हणून आज जे विकले जाते, त्यातले पुष्कळसे म्हणजे परीक्षेलाच घातलेला रंगीत झगा असतो. राजधानी ओळखा, झेंडा ओळखा, दहा सेकंदांत उत्तर द्या, नाहीतर भोंगा वाजेल. आता तर हे सगळे मोबाइलवरही आले आहे. मूल त्यात रमते, हे खरे. पण शंभर झेंडे ओळखणाऱ्या मुलाला त्या शंभरांपैकी एका देशात लोक काय खातात आणि तेच का खातात, हे विचारून पाहा. मी खेळाला दोनच कसोट्या लावतो. एक, खेळ संपल्यावर मूल ‘पुन्हा’ म्हणते का? दुसरी, खेळताना एकदा तरी ‘असे का?’ म्हणून विचारते का? पहिल्या कसोटीला उतरणारे खेळ बाजारात खूप आहेत. दुसऱ्या कसोटीला उतरणारे बहुधा घरीच करावे लागतात.

भूगोलाचे खेळ ही काही आजची कल्पना नाही. पिएर द्युव्हाल नावाच्या फ्रेंच नकाशाकाराने १६४५ साली ‘जगाचा खेळ’ म्हणून एक सोंगट्यांचा पट छापला. गोगलगायीच्या शंखासारखा वळत जाणारा, आणि घरोघर एकेक देश. लंडनमध्ये १७५९ साली युरोपच्या प्रवासाचा असाच एक पट निघाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १७६० च्या दशकात, जॉन स्पिल्सबरी ह्या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने नकाशा लाकडी फळीवर चिकटवला, राज्यांच्या सीमांवरून करवतीने कापला आणि ते तुकडे पेटीत घालून विकले. तुकडे जुळवून चित्र करायचा जो खेळ आज प्रत्येक दुकानात मिळतो, त्याचा हा पूर्वज. म्हणजे तुकडे जुळवण्याचा खेळ जन्मालाच मुळी भूगोल शिकवण्यासाठी आला! मात्र तो कोणासाठी होता, हेही पाहिले पाहिजे. अशा पेट्या त्या काळी श्रीमंतांच्या मुलांच्याच हाती पडत. आणि ज्याने फळी कापली त्या कारागिराने सीमारेषेवरून कापली, म्हणून मुलाने सीमारेषाच शिकली. कात्री कुठून फिरवायची हे ठरले, की मूल काय शिकणार हेही ठरते. हा मुद्दा कृपया ध्यानात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आपल्याकडे घरोघर खेळला गेलेला ‘व्यापार’ घ्या. पटावर मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी शहरे. फासे टाका, शहर विकत घ्या, आणि दुसऱ्याची सोंगटी तिथे आली की भाडे वसूल करा. मीही हा खेळ खेळलो आहे आणि त्यात मजा येते हे नाकारत नाही. पण युनियनच्या माणसाच्या डोळ्यांनी पाहा: त्या सबंध हिंदुस्थानात एकही माणूस काम करताना दिसत नाही. गिरणी नाही, शेत नाही, हमाल नाही. आहेत ती सगळी भाडी. गंमत अशी की ह्या जातीच्या खेळाचे मूळ नेमके उलट्या हेतूचे आहे. अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी ह्या बाईंनी १९०४ साली ‘जमीनदाराचा खेळ’ म्हणून एका पटाचे पेटंट घेतले. जमिनीच्या भाड्यावर मूठभर लोक कसे गबर होतात आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना खेळून कळावे, एवढाच त्यांचा उद्देश. पुढे १९३५ साली एका मोठ्या कंपनीने त्यांचे पेटंट पाचशे डॉलरला विकत घेतले आणि दुसऱ्यांना कंगाल करणाराच जिंकतो असा खेळ जगभर खपवला. असो. ह्यावर वेगळे व्याख्यान होईल.

आमच्या वर्गाची सुरुवात मात्र अशा कुठल्याही पटाने झाली नाही. ती झाली ‘नाव-गाव-फळ-फूल’ ह्या खेळाने. तुम्ही सर्वांनी तो पावसाळ्याच्या दुपारी खेळलेला असेल. एकाने मनात अक्षरे म्हणायची, दुसऱ्याने थांबवायचे, ‘क’ आला की सर्वांनी ‘क’ची नावे कागदावर लिहायची. आम्ही त्यात एकच फेरफार केला. गावाच्या रकान्याला दहा गुण, पण इथून त्या गावाला कसे जायचे हे सांगितले तरच. नुसते ‘कोल्हापूर’ लिहिले तर पाच. वाटेतले एक मोठे गाव सांगितले तर आणखी पाच, आणि वाटेत एखादी नदी ओलांडावी लागते ती सांगितली तर वर बक्षिसाचे पाच. मुलांनी दोन दिवसांत घरातल्या सगळ्या मोठ्यांना भंडावून सोडले. एका मुलाने आजोबांना विचारून ‘मनमाड’ लिहिले आणि शेजारी टीप दिली, ‘पूर्वी इथे गाडी बदलायचे’. का बदलायचे? तर निजामाच्या राज्यातला रेल्वेचा रूळ अरुंद, मीटर गेजचा, आणि मनमाडहून मुंबईला जाणारा रूळ रुंद. १९०० च्या सुमारास टाकलेला तो अरुंद रूळ १९९० नंतरच्या वर्षांत रुंद झाला. तोपर्यंत आमच्या पिढीने मनमाडच्या फलाटावर बोचकी डोक्यावर घेऊन धावण्याची कसरत केलेली आहे. दोन राज्यांची सीमा रुळांच्या रुंदीत उरली होती, आणि ती राज्ये गेल्यावरही चाळीस-पन्नास वर्षे ती आमच्या खांद्यांना कळत होती. हे मुलांना सांगायला मला वेगळा तास घ्यावा लागला नाही. ‘म’ अक्षर आले म्हणून सांगता आले.

ह्याच खेळात ती मुलगी बोलती झाली. तिचे नाव मी सांगत नाही. बीड जिल्ह्याच्या आष्टी-पाटोद्याकडचे कुटुंब. आई-बापांनी अनेक वर्षे ऊसतोडीला जाऊन मग ते सोडून वाळूजला कंत्राटी काम धरलेले. आपल्यापैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेऊन लाखो माणसे मराठवाड्यातून निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ अशी त्यांची मोजणी होते, आणि मुले कोयत्याबरोबर जातात. ही मुलगी अशी चार हंगाम गेलेली. शाळेत ती मागच्या बाकावर बसायची, आणि नकाशात कोल्हापूर दाखव म्हटले की खाली पाहायची. खेळात ‘क’ आला तेव्हा तिने ‘कोल्हापूर’ लिहिले, आणि वाट सांगायची पाळी आली तेव्हा ती एका दमात म्हणाली, “जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर, सांगोला, मिरज, मग अंकलीचा पूल, मग कोल्हापूर.” सगळा वर्ग गप्प. मी विचारले, नद्या किती लागल्या? तर म्हणाली, “करमाळ्याच्या अलीकडं सीना, तिच्यात पाणी नसतंय. पंढरपूरला भीमा, तिला असतंय. सांगोल्याकडं माण, तिच्यात नुसती वाळू. अंकलीला कृष्णा, तिला लई पाणी. आन् पाणी दिसलं की ऊस दिसतोय.”

श्रोतेहो, मी तुम्हांला विचारतो, ह्या उत्तराला किती गुण द्याल? ह्या चार वाक्यांत महाराष्ट्राचा अर्धा भूगोल आहे. सीना आणि माण ह्या नद्या पठारावरच, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत उगम पावतात. भीमा भीमाशंकरला आणि कृष्णा महाबळेश्वरला, सह्याद्रीच्या माथ्यावर. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आपल्या शहरात सातशेच्या आसपास. भीमेवर वर उजनीचे धरण आहे. म्हणून भीमेला आणि कृष्णेला पाणी, सीनेला आणि माणेला वाळू. म्हणून पाणी आहे तिथे ऊस, आणि पाणी नाही तिथे ऊसतोडे. ‘का’ हे तिला माहीत नव्हते, पण ‘काय’ हे तिने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून चार वेळा पाहिलेले होते. दुसऱ्या दिवशी नकाशा जमिनीवर पसरला आणि तिला त्यावर बोट फिरवायला सांगितले. बोट नदीवरून गेले की बाकीची मुले ओरडायची, “पाणी की वाळू?” आणि ती उत्तर द्यायची. मग आम्ही प्रत्येक नदी उलटी, उगमापर्यंत चढत गेलो. ज्या नद्यांचा उगम सह्याद्रीच्या माथ्यावर त्यांना निळा खडू, ज्यांचा पठारावर त्यांना पिवळा. हा आमचा ‘पाणी की वाळू’ खेळ. त्यात जिंकणे-हरणे फारसे नाही, तरी मुले रोज मागतात.

आता कात्रीच्या मुद्द्याकडे वळतो. नकाशा कापून जोडायचा खेळ आम्हांला करायचाच होता. बाजारात महाराष्ट्राचे ३६ जिल्ह्यांचे तुकडे मिळतात. तो खेळ वाईट नाही; मुलांना जिल्ह्यांचे आकार कळतात, आणि बीडच्या शेजारी कोण, लातूरच्या शेजारी कोण, हे कळते. पण जिल्ह्याची सीमा बदलते, नवे जिल्हे होतात, नावेही बदलतात. आपल्या शहराचे २०२३ साली बदललेच. पाण्याची सीमा इतक्या सहज बदलत नाही. म्हणून आम्ही कारखान्यातून टाकून दिलेल्या खोक्यांचा पुठ्ठा घेतला, त्यावर राज्याचा नकाशा काढला आणि कात्री जिल्ह्यांवरून न फिरवता नद्यांच्या खोऱ्यांवरून फिरवली. पाच तुकडे झाले. एक गोदावरीचा, एक भीमा-कृष्णेचा, एक तापीचा, एक कोकणातल्या पश्चिमेला धावणाऱ्या नद्यांचा, आणि नंदुरबारच्या टोकाला नर्मदेचा चिमुकला तुकडा, जो दर आठवड्याला हरवतो आणि पुन्हा कापावा लागतो.

पाच तुकडे म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचा खेळ, असे वाटेल. पण मोठी मुलेही त्यावर अडतात. गोदावरीचा तुकडा हातात घेतला की प्रथम त्याचा आकारच पटत नाही. जवळजवळ निम्मे राज्य त्यात येते! नाशिक त्यात, आपण त्यात, नांदेड त्यात, आणि नागपूर-चंद्रपूरसुद्धा त्यात. कारण वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहितेच्या नावाने शेवटी गोदेलाच मिळतात. विदर्भ वेगळा, मराठवाडा वेगळा, हे मुलांनी मोठ्यांकडून ऐकलेले असते. पुठ्ठ्याच्या तुकड्यात ते दोन्ही एकाच उताराला लागलेले दिसतात. मग आम्ही जिल्ह्याची सीमा पेन्सिलीने त्यावर काढली, तेव्हा आणखी एक नवल निघाले. आपला जिल्हा एका तुकड्यात मावेना. त्याची उत्तरेची कड तापीच्या तुकड्यात गेली. अजिंठ्याच्या लेण्यांपुढून वाहणारी वाघूर तापीला मिळते, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. वेरूळच्या लेण्यांवरून पडणाऱ्या येळगंगेचे पाणी गोदावरीला मिळते, आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागराला. एकाच जिल्ह्यातली दोन लेणी. सहलीच्या एकाच बसमधून पाहून येतो आपण. आणि एकीवर पडलेला पाऊस पश्चिमेला जातो, दुसरीवर पडलेला पूर्वेला. मधला डोंगर किती उंच असेल, असे एका मुलाने विचारले. कन्नडचा घाट उतरताना त्याने तो पाहिलेला होता. फक्त त्या घाटात आपण दोन समुद्रांच्या मधली भिंत ओलांडतो, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. खरे सांगायचे तर त्याच्या वयात मलाही नव्हते सांगितले कोणी.

त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून ८० किलोमीटरवर असते आणि त्या समुद्राकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर दुसऱ्या समुद्राकडे चालत जाते. हे वाक्य पाठ करायला सोपे आहे. पण मुलाला एक मोठा कागद चुरगळायला द्या, त्याची एक बाजू कड्यासारखी उभी आणि दुसरी उतरती ठेवा, माथ्यावर चमच्याने पाणी सोडा. मग हे वाक्य पाठ करण्याची गरज राहत नाही.

आता ज्या खेळासाठी खरे म्हणजे मी हा विषय घेतला, तो सांगतो. मुलांनी त्याला ‘पंगत’ असे नाव दिले आहे. आठ-दहा मुले एका रांगेत बसवायची. पहिला त्र्यंबकचा, मग नाशिकचा, मग दारणा, प्रवरा आणि मुळेकाठचे, मग पैठणचा, मग जालना, परभणी आणि नांदेडचे. पहिल्याच्या हातात पाण्याने भरलेली बादली. प्रत्येकाजवळ तीन पेले: पिण्याचा, शेताचा आणि कारखान्याचा. नियम एकच: आपल्याला हवे तेवढे घ्यावे आणि बादली पुढे द्यावी. पहिल्या फेरीत काय होते, हे सांगायला नको. नाशिक-नगरची मुले पेले काठोकाठ भरतात. त्यांचा स्वभाव वाईट असतो म्हणून नव्हे, बादली भरलेली दिसते म्हणून. पैठणच्या मुलाकडे बादली येते तेव्हा तळ दिसतो, आणि नांदेडचा मुलगा बादली उलटी करून दाखवतो. हसू होते, भांडणही होते. मग दुसरी फेरी, आणि तिच्यात जागा उलट्या: नांदेडचा त्र्यंबकला आणि त्र्यंबकचा नांदेडला. आधी ‘अन्याय अन्याय’ म्हणून ओरडणारे पोर वर बसले की तेही पेले काठोकाठच भरते! तिसऱ्या फेरीच्या आधी मुले स्वतः होऊन म्हणतात, काका, नियम करू या.

मी कामगारांच्या सभांत तीस वर्षे काढली आहेत. पण नियम कशाला लागतो, हे इतक्या थोड्या वेळात पटलेले मी दुसरीकडे पाहिले नाही. मुलांनी केलेले नियम दर वेळी वेगळे असतात. कोणी म्हणते, आधी सर्वांचे पिण्याचे पेले भरा, मग शेताचे. कोणी म्हणते, बादली एकदा शेवटपर्यंत जाऊ द्या आणि परत आणा. एका मुलीने सुचवले की पैठणच्या मुलाचा पेला एका खुणेपर्यंत भरला आहे का ते मधेच थांबून पाहावे, आणि नसेल तर वरच्यांनी आपल्या पेल्यातून ओतावे. आता तुमच्यापैकी जे वर्तमानपत्र वाचतात त्यांच्या लक्षात आले असेल. १९६५ साली पायाभरणी झालेले आणि १९७६ साली पुरे झालेले आपले जायकवाडी धरण वरच्या धरणांच्या खाली बसलेले आहे. २००५ साली राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, त्यात एका खोऱ्यातल्या पाण्याचे समन्यायी वाटप हे तत्त्व घातले. आणि २०१४ साली प्राधिकरणाने दिलेल्या आदेशात, ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत किती टक्के पाणी आहे ते पाहून वरून सोडायचे की नाही हे ठरवण्याची पद्धत आली. त्यातला ६५ टक्क्यांचा आकडा ह्या शहराला तोंडपाठ आहे. त्यावरून मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आकड्यावर पुढेही वाद होत राहिले. त्या मुलीने हे काहीही वाचलेले नव्हते. ती फक्त एकदा पैठणला बसली होती आणि एकदा त्र्यंबकला.

इथे कोणी म्हणेल, हा गृहस्थ खेळाच्या नावाखाली मुलांना नाशिक-नगरविरुद्ध भडकवतो. तसे नाही, आणि म्हणूनच जागा बदलण्याचा नियम मी कधी सोडत नाही. शिवाय पैठणच्या मुलालाही आम्ही साधा सोडत नाही. एकाच मापाचे पाणी परातीत आणि तांब्यात घालून एप्रिलच्या उन्हात ठेवले. संध्याकाळी परातीतले पाणी बोटभर उतरले होते, तांब्यातले जवळपास तसेच. नाथसागराचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा आहे आणि तो उथळ आहे, म्हणजे आपले धरण परातीच्या जातीचे. वरून आलेल्या पाण्यातले पुष्कळसे ऊन पिऊन टाकते. मग धरण वर डोंगरातच का नाही बांधले, असे मुलांनी विचारले. आणि त्यावर त्यांच्यातच जो वाद झाला, तो विधिमंडळातल्या काही वादांपेक्षा मुद्देसूद होता.

पंगतीत एक जागा मात्र आम्ही नंतर वाढवली. जटवाड्याकडच्या डोंगरांतून निघून शहराच्या अंगाने वाहणारी आपली खाम पुढे गोदेच्याच पाण्याला जाऊन मिळते. म्हणून पैठणच्या मुलाशेजारी ‘खाम’ बसवली आणि तिच्या हातात निळीच्या पाण्याचा पेला दिला. बादली पैठणला आली की खामने आपला पेला त्यात ओतायचा. पहिल्यांदा ओतला तेव्हा पैठणचा मुलगा रडकुंडीला आला. त्याने सगळी फेरी वाट पाहून मिळवलेले पाणी निळे झाले. आणि मग एका मुलाने मला सरळ विचारले, “काका, आमच्या पप्पांच्या कंपनीचं पाणी कुठं जातं?” मी कामगारांचा माणूस. ह्या प्रश्नाचे एक उत्तर असे की त्या कंपनीवर त्याच्या घरची चूल आहे. दुसरे उत्तर असे की त्याच्या घरचा नळ ह्याच धरणावर आहे, आणि ह्या शहराने नळाच्या पाण्याची कित्येक दिवसांआड वाट पाहण्यात वर्षे काढली आहेत. दोन्ही उत्तरे मी त्याला दिली. त्याने ती घरी नेली, आणि पुढच्या गेट मीटिंगला त्याच्या बापाने तोच प्रश्न मला पुन्हा विचारला. तेव्हापासून आमच्या मागणीपत्रात सांडपाण्यावरच्या प्रक्रियेचा एक मुद्दा असतो. खेळाशी युनियनचा संबंध काय, असे ज्यांनी विचारले त्यांना हा संबंध.

शिक्षक मंडळींच्या अडचणी मला माहीत आहेत. वर्गात पन्नास मुले, अभ्यासक्रम संपवायचा, वर कागदपत्रांचा ढीग. अभ्यासक्रमाला मी दोष देणार नाही. बालभारती तिसरीला प्रत्येक जिल्ह्याचे परिसर अभ्यासाचे वेगळे पुस्तक काढते, ही कल्पना फार चांगली आहे. पुस्तक हातात घेऊन वर्गाबाहेर पडणे तेवढे उरते. आणि हे आपल्या राज्यात कोणी केलेच नाही असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभे केले, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शंख-शिंपले, पाने, माती हीच साधने केली. मुले गुरे घेऊन रानात जातात म्हणून शाळाच कुरणात नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हटले. ऊसतोडीच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या त्याही ह्याच विचाराच्या. कुठे चालल्या, कुठे बंद पडल्या. मूल जिथे आहे तिथे शाळेने जावे, हे त्या बायांनी ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवले. माझे म्हणणे त्याला थोडेसे जोडून आहे: मूल जिथून जाऊन आले, ती वाटही शाळेने विचारून घ्यावी. हे दिवस ऊसतोडीची कुटुंबे परतण्याचे आहेत. जून महिन्यात ती मुले पुन्हा वर्गात येतील, तेव्हा हजेरीच्या कोऱ्या रकान्यांकडे पाहण्याआधी त्यांना एकदा नकाशापुढे उभे करा आणि विचारा, पाणी की वाळू?

मोबाइलविषयी एकच वाक्य. तो वाट दाखवतो हे खरे, पण त्यात निळा ठिपका नेहमी मध्यभागी असतो आणि जग त्याच्याभोवती फिरते. आपण उतारावर आहोत की चढावर, हे त्या ठिपक्याला कळत नाही.

वेळ संपत आली, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले मी पाहिले आहे. बाहेर दाराशी टेबलावर पाच तुकड्यांचे पुठ्ठ्याचे नकाशे ठेवले आहेत, वर्गातल्या मुलांनी सुटीत कापलेले. किंमत नाही. ज्यांच्या घरी आठ ते बारा वयाची मुले आहेत त्यांनी एकेक न्यावा. शिक्षकांनी दोन न्यावेत. नर्मदेचा तुकडा वेगळ्या पाकिटात आहे, तो आधी मोजून घ्या. पुठ्ठा जुन्या खोक्यांचा असल्यामुळे मागच्या बाजूला कंपन्यांची नावे आणि ‘ही बाजू वर’ असे बाण दिसतील. त्या बाणांचा उत्तर दिशेशी काहीही संबंध नाही, एवढे मुलांना सांगावे.